गाडी मेली हे कोण ठरवतं?

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघातग्रस्त गाडी दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे बऱ्याच अंशी माझ्या अहवालावर ठरतं. नियम सरळ आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस'. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा सॅल्व्हेजवाला घेऊन जातो. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना हा शेरा मारताना मन कधी अडलं नाही. चेसिस वाकलेली असते, इंजिन फुटलेलं असतं. गाडी गेली हे डोळ्यांना दिसतं.

वाईकडच्या एका शिक्षिकेच्या इलेक्ट्रिक गाडीपाशी मात्र अडलो. घाटात पडलेला दगड गाडीखाली घासत गेला होता. बॅटरीच्या खालच्या आवरणाला तळहाताएवढा पोचा, पण कुठे चीर नाही. रंग, दारं, मोटर, सगळं धड. वर्कशॉपचं एस्टिमेट आलं: अख्खा बॅटरी पॅक बदलणे, सात लाखांच्या वर. आयडीव्ही ९ लाख, तिचे ७५ टक्के पावणेसात. बाई म्हणाल्या, "साहेब, गाडीला तर काहीच झालेलं नाही. मग ती मेली कशी?"

वर्कशॉपमधला मुलगा पटकन बोलून गेला, "मॅडम, बॅटरी म्हणजे गाडीचा प्राणच." ऐकायला पटतं. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण होतो तो देह, आणि देही नवा देह धारण करतो. इथे उलटंच. देह ठणठणीत, आणि ज्याला प्राण म्हणायचं तोच झिजणारा, पोचा पडणारा आणि जीएसटी लावून विकत मिळणारा. अशा वस्तूला प्राण म्हणणं मला मान्य नाही.

मला जवळचा वाटतो तो मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेन. रथात बसून आलेल्या मिलिंद राजाला तो विचारतो, रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो, इतकंच. आपलं सरकारही नकळत त्याच वाटेने गेलं आहे. बॅटरी न बसवलेली इलेक्ट्रिक वाहनंही विकता आणि नोंदवता येतील, असं केंद्राने ऑगस्ट २०२० मध्ये राज्यांना कळवलं. म्हणजे आरटीओच्या लेखी बॅटरीविना गाडी ही गाडीच. करखात्याकडे पाहा: बॅटरी गाडीत बसून आली तर गाडीबरोबर ५ टक्के जीएसटी, तीच सुटी घेतली तर १८ टक्के. गाडीचं सार अमुक भागात आहे, असं कायद्यालाही बोट ठेवून सांगता येत नाही.

मग मरण तरी कशात आहे? माझ्या मते ते गाडीत नाहीच, आमच्या निर्णयात आहे. निर्णय माणसांचा असेल तर त्याची जबाबदारीही माणसांवर येते; ती एस्टिमेटच्या आकड्यावर ढकलता येत नाही.

आणि तो आकडा तरी कसा येतो? ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत २०२४ साली बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव युनिटमागे ११५ डॉलर होता. त्या हिशेबाने ३० युनिटचा पॅक तीन लाखांच्या आत बसतो. हा कारखान्यांना पडणारा भाव. त्यावर कर, वाहतूक, नफा चढतो, हे मान्य. तरीही उरलेल्या फरकात एक मोठा वाटा 'पॅक उघडायचाच नाही' या धोरणाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. पॅकमध्ये अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला सर्वांत दुबळा सेल रिकामा झाला की बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम सगळा पॅक थांबवते. 'गेलेल्या' पॅकमध्ये म्हणूनच धडधाकट सेल भरपूर असू शकतात.

वर्कशॉपची भीती खोटी नाही. आत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि दुखावलेला सेल काही दिवसांनीही पेट घेऊ शकतो. पॅकमधल्या जुन्या मॉड्यूलशेजारी, म्हणजे सेलच्या गटाशेजारी, नवं बसवताना दोघांची क्षमता जुळवावी लागते. पण भीती असेल तर तपासणी करावी, न तपासता मृत्यूचा दाखला देऊ नये.

हा प्रश्न अपघातापुरता राहणारही नाही. बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. झीज विम्यात बसत नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते, आणि बॅटरीचा खर्च त्याच वेगाने उतरला नाही तर पुष्कळ गाड्या एक ओरखडाही न येता त्या ७५ टक्क्यांच्या रेषेपलीकडे जातील. विमा कंपनीने नाही, तर मालकाने स्वतःच त्यांना टोटल लॉस ठरवलेलं असेल.

जुनं मोडीत काढण्याआधी नीट पाहावं, हे आपल्याला नवीन नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. नवं देऊळ बांधण्याहून जीर्णोद्धाराचं पुण्य मोठं, असं आपल्याकडे मानत आले आहेत. त्या कामात कोणता चिरा गेला आणि कोणता अजून भार पेलतो, हे आधी पाहावंच लागतं. गाडी म्हणजे देऊळ नव्हे, हे मलाही कळतं. पण दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, हळद-कुंकू वाहतो, हात जोडतो. तिच्या बॅटरीतलं लिथियम चिलीतल्या अटाकामाच्या खारट पाण्यातून किंवा ऑस्ट्रेलियाच्या खडकातून आलेलं असतं. पृथ्वीचं एवढं देणं ज्या वस्तूत साठलं आहे, तिला एकदा नीट पाहणं तरी आपण लागतो. पूजेचा एवढा अर्थ मी पाळायचं ठरवलं आहे.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. चांगलं झालं, पण ती व्यवस्था बॅटरी कचरा ठरल्यानंतर सुरू होते. मला त्याआधीचा नियम हवा आहे: मॉड्यूलनिहाय व्होल्टेज आणि इन्सुलेशनची चाचणी जोडल्याशिवाय 'पॅक बदला' हे एस्टिमेट ग्राह्य धरू नये, आणि हे काम शिकलेली मुलं आयटीआयमधून तालुक्यापर्यंत पोचावीत.

बाईंच्या गाडीसाठी मी या चाचण्या लेखी मागितल्या. पॅक उघडण्याची तरतूद नाही, असं लेखी उत्तर आलं. गाडी टोटल लॉस झाली, बाईंना पैसे मिळाले. ते उत्तर मी अहवालाला जोडलं आहे, आणि आता अशा प्रत्येक दाव्यात तीच मागणी लिहितो.