निव्वळ शून्य आणि प्रायश्चित्त

पॅरिस येथे डिसेंबर २०१५ मध्ये संमत झालेल्या हवामान कराराच्या चौथ्या कलमात असे उद्दिष्ट नोंदवले आहे की, चालू शतकाच्या उत्तरार्धात मानवी व्यवहारांतून वातावरणात जाणारे हरितगृह वायू आणि जंगले, माती किंवा यंत्रणा यांच्या साहाय्याने वातावरणातून काढून घेतले जाणारे वायू यांच्यात समतोल साधला जावा. या समतोलालाच कार्बन तटस्थता किंवा निव्वळ शून्य उत्सर्जन म्हटले जाते. व्यवहारात दोन्ही संज्ञा एकाच अर्थाने वापरल्या जात असल्या, तरी काटेकोरपणे पाहता पहिली केवळ कार्बन डायऑक्साइडपुरती आहे आणि दुसरी सर्व हरितगृह वायूंना लागू होते. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांनी त्यासाठी २०५० हे वर्ष ठरवले आहे, चीनने २०६० हे वर्ष दिले आहे, आणि भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० चा शब्द दिला. या साऱ्या प्रतिज्ञांच्या मुळाशी एक वजाबाकी आहे. एका ठिकाणी केलेली हानी दुसऱ्या ठिकाणी केलेल्या सत्कृत्याने फिटते, हे त्या वजाबाकीचे गृहीतक असून ते अर्थशास्त्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, धर्मविचाराचे आहे. केलेले कृत्य न-केल्यासारखे करता येते काय, हा प्रश्न भारतीय धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताच्या प्रकरणात दोन हजार वर्षांपूर्वीच मांडला होता, आणि आजच्या राष्ट्रीय प्रतिज्ञांची पारख करण्यासाठी तो विचार अनपेक्षितपणे उपयोगी पडतो.

आधी भौतिक वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. कार्बन डायऑक्साइड वातावरणात सर्वत्र मिसळून जातो, त्यामुळे तो चंद्रपूरच्या चिमणीतून निघाला की मँचेस्टरच्या, याने तापमानवाढीत फरक पडत नाही. तसेच तो कोठून शोषला गेला, यानेही पडत नाही. हवेच्या दृष्टीने ही वजाबाकी खरी आहे, अट एवढीच की शोषण प्रत्यक्ष घडलेले असावे आणि शोषलेला कार्बन दीर्घकाळ परत सुटू नये. मात्र याच भौतिकीची दुसरी बाजू अशी की, एकदा हवेत गेलेल्या या वायूचा काही अंश हजारो वर्षे टिकून राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, ते आता ४२० च्या वर गेले आहेत. निव्वळ शून्य गाठल्याने ही वाढ थांबेल. साचलेले मात्र साचलेलेच राहील. गौतम धर्मसूत्राच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रायश्चित्त करावे की करू नये, असा वाद नोंदवलेला आहे, आणि करू नये म्हणणाऱ्यांचे कारण हेच आहे की, कर्म नाश पावत नाही. सूत्रकाराने स्वतः करावे हा पक्ष स्वीकारला, पण आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे त्याने लपवले नाही. हवेतील कार्बनबाबत तरी त्या आक्षेपकांचे म्हणणे बरेचसे खरे ठरले आहे.

या वादाला याज्ञवल्क्यस्मृतीने, आणि तिच्यावरील मिताक्षरा या टीकेने, जे वळण दिले ते या विषयात सर्वांत मोलाचे आहे. याज्ञवल्क्याच्या मते अजाणतेपणी घडलेले पाप प्रायश्चित्ताने दूर होते. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत मात्र प्रायश्चित्त करणारा केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे त्याच्याशी पंक्तिव्यवहार आणि देवाणघेवाण करण्यास समाजाला मोकळीक मिळते. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, विक्रमादित्य सहाव्याच्या काळात, मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याचे स्पष्टीकरण करताना पापाच्या दोन शक्ती कल्पिल्या: एक कर्त्याला नरकास नेणारी आणि दुसरी समाजातील व्यवहार रोखणारी. दुसरी शक्ती गेली म्हणून पहिली गेली असे होत नाही. इतर स्मृतिकारांची मते याहून वेगळी आहेत, आणि जाणतेपणी केलेल्या पापालाही कठोर प्रायश्चित्ताने पूर्ण शुद्धी मिळते असे मानणारा पक्षही आहे. तथापि विज्ञानेश्वराचा भेद आजच्या परिस्थितीला जितका लागू पडतो, तितका दुसरा कोणताही पडत नाही.

कारण राष्ट्रांचे उत्सर्जनही अजाणते आणि जाणते अशा दोन काळांत विभागता येते. स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस याने १८९६ मध्येच कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले होते, परंतु राज्यकर्त्यांना अज्ञानाची सबब सांगता येईल असा काळ फार तर १९९० पर्यंतचा मानता येतो. त्या वर्षी आंतरसरकारी हवामान मंडळाचा पहिला अहवाल आला आणि १९९२ मध्ये रिओ येथे जगातील बहुतेक राष्ट्रांनी हवामान आराखडा करारावर सह्या केल्या. त्यानंतरचे सारे उत्सर्जन जाणतेपणीचे आहे. आणि आजची कार्बन तटस्थता राष्ट्राला काय मिळवून देते हे पाहिले, तर याज्ञवल्क्याचे उत्तर अक्षरशः खरे ठरते: ती त्याला व्यवहार्य करते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर, त्या मालाच्या उत्पादनात किती कार्बन सुटला याचा तपशील मागण्यास सुरुवात केली आणि २०२६ पासून त्यावर शुल्क लावण्याचे ठरवले. ज्याची कार्बनची नोंदवही नीट नाही त्याच्याशी देवाणघेवाण महाग होणार, असा हा नवा बहिष्कार आहे. तो वाईटच आहे असे नव्हे, कारण बहिष्काराच्या भीतीने अनेक समाज सुधारले आहेत. पण बाजारपेठ पुन्हा मिळणे ही दोषमुक्ती नव्हे, हे भान सुटले की तटस्थतेचा सारा खटाटोप प्रमाणपत्र मिळवण्यापुरता उरतो.

प्रमाणपत्राचा मोह धर्मशास्त्रालाही आवरला नव्हता, हे प्रांजळपणे सांगणे भाग आहे. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे प्रायश्चित्त घ्यावे: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता जे मिळेल तेवढ्यावर राहायचे आणि शेवटचे तीन दिवस निराहार. या देहदंडाला पुढे प्रत्याम्नाय, म्हणजे पर्यायी विधी, सांगितले गेले. एका प्राजापत्याऐवजी एक गाय दान द्यावी, गाय नसल्यास तिचे मूल्य द्यावे, किंवा जप अथवा ब्राह्मणभोजन करावे, असे कोष्टक निबंधग्रंथांनी मांडले. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या पर्यायांची सविस्तर चर्चा आहे. उपवासाची जागा गायीने घेतली, गायीची जागा नाण्याने, आणि दान घेणाराच व्यवस्था सांगणारा असल्याने त्यात हितसंबंधही शिरले. शिवाय वर्णानुसार दंड कमी-अधिक करण्याचा अन्याय या साऱ्या रचनेत पहिल्यापासून होताच. आजच्या कार्बन क्रेडिटची, म्हणजे एक टन उत्सर्जन टाळल्याच्या किंवा शोषल्याच्या विक्रीयोग्य दाखल्याची, वाटचाल याच पायऱ्यांनी झालेली दिसते.

पश्चिमेत याच संदर्भात मध्ययुगीन चर्चच्या क्षमापत्रांची आठवण नेहमी काढली जाते, आणि योगायोग असा की त्याच चर्चच्या राष्ट्राने हा अनुभव घेतला. २००७ मध्ये व्हॅटिकनला जगातील पहिले कार्बन तटस्थ राष्ट्र करण्यासाठी हंगेरीत एक वन लावून देण्याचा प्रस्ताव एका कंपनीने दिला आणि तो स्वीकारला गेला; काही वर्षांनी पत्रकारांनी चौकशी केली तेव्हा ते वन लावलेच गेले नसल्याचे उघड झाले. त्या प्रकरणाबाहेर मात्र व्हॅटिकनची दिशा बदलत गेली, असे म्हणता येते. २००८ मध्ये तेथील मोठ्या सभागृहाच्या छपरावर सौर तावदाने बसवली गेली, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीमुळे नव्या प्रकारची सट्टेबाजी सुरू होऊन मूळ उत्सर्जन कमी करण्याचे काम मागे पडेल अशी शंका व्यक्त केली, आणि २०२४ मध्ये रोमजवळच्या चर्चच्या जमिनीवर शेतीसह सौरवीज निर्माण करून व्हॅटिकन नगराची संपूर्ण गरज भागवण्याचे काम हाती घेण्याचा आदेश त्यांनी काढला. दुसऱ्याच्या जंगलाकडून स्वतःच्या छपराकडे आलेला हा प्रवास लहान राष्ट्राचा असला, तरी त्याची दिशा योग्य आहे.

भारतात प्रत्याम्नायाचे सर्वांत बोलके उदाहरण ग्रेट निकोबारचे आहे. बंदर, विमानतळ आणि नगरवसाहत यांसाठी त्या बेटावरील सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवण्यास मंजुरी देताना, भरपाईचे वनीकरण हजारो किलोमीटर दूर हरियाणात करण्याची योजना आखली गेली. कार्बनच्या कोष्टकात या दोन बाजू कदाचित जुळवताही येतील. परंतु गलाथिया उपसागराच्या वाळूत अंडी घालण्यासाठी येणारी चामडपाठी महाकासवी, पालापाचोळा आणि मातीचे मोठे ढिगारे रचून त्यांच्या उबेत अंडी उबवणारा निकोबारचा मेगापोड पक्षी आणि त्या जंगलातच जगणारे शोंपेन लोक यांना हरियाणातल्या ओळीने लावलेल्या रोपांचा काय उपयोग, या प्रश्नाला त्या कोष्टकात रकानाच नाही. हवा अदलाबदल मान्य करते. जीव आणि स्थान ती मान्य करत नाहीत. सह्याद्रीतल्या देवरायांमागची धारणा नेमकी हीच होती. तेथे देवाच्या नावाने वाळकी काटकीही उचलायची नाही असा दंडक असे, आणि एक राई तोडून दुसरीकडे तेवढीच झाडे लावण्याची मुभा त्या दंडकात नव्हती. प्रायश्चित्ताच्या आधीची ही पायरी निषेधाची, म्हणजे मनाईची, आहे.

भूतानने आपली कार्बन तटस्थता निषेधावरच उभारली आहे. २००८ च्या त्या देशाच्या राज्यघटनेतील पाचवे कलम प्रत्येक भूतानी नागरिकाला निसर्गाचा विश्वस्त ठरवते आणि देशाची किमान ६० टक्के भूमी सर्व काळ वनाच्छादित ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. प्रत्यक्षात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास असल्याने देशाच्या उत्सर्जनापेक्षा त्याची जंगले अधिक कार्बन शोषतात. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे, तेथे जड उद्योग मोजके आहेत, आणि हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटले की तो देश भारताकडून वीज घेतो, ज्यात कोळशावरची वीजही असते. म्हणून त्याचा कित्ता कोणत्याही मोठ्या राष्ट्राला जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तरीही मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातला जो भाग आजही टिकेल, त्याचा आशय भूतानने कायद्यात आणला आहे. पश्चात्तापानंतर पुन्हा असे करणार नाही असा निश्चय करून त्या कृत्यापासून निवृत्त होण्यानेच माणूस शुद्ध होतो, असे तेथे म्हटले आहे. दान, जप आणि उपवास हे त्या निवृत्तीचे साहाय्यक आहेत. तिची जागा ते घेऊ शकत नाहीत.

येथवर प्रश्न पापाचा होता. राष्ट्राराष्ट्रांतील न्यायाचा प्रश्न मात्र पापाच्या भाषेत नीट मांडता येत नाही, कारण १८५० साली लँकाशायरच्या गिरणीत कोळसा जाळणाऱ्याचा दोष आजच्या इंग्रज मुलीवर टाकणे कोणत्याही नीतिशास्त्राला पटणार नाही. त्यासाठी ऋणाची भाषा अधिक योग्य आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात मृताचे ऋण कोणी फेडावे याचा विचार करताना जो वारसा घेतो त्याने ऋण फेडावे असा नियम सांगितला आहे, आणि त्यात वारसाच्या अपराधाचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र बंद केले, ही खरोखर अभिनंदनीय गोष्ट आहे. परंतु दीड-दोन शतके कोळसा जाळून उभे राहिलेले रेल्वेमार्ग, विद्यापीठे आणि भांडवल आजच्या पिढीकडे आले आहे, आणि इस्टेटीबरोबर कर्जही येते. जगाच्या आजवरच्या एकूण जीवाश्म उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा आहे, तर भारताचा जेमतेम तीन-चार टक्के. दरडोई पाहता भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो, आणि जगाची सरासरी साडेचार टनांहून अधिक आहे. श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचा शब्द २००९ मध्ये दिला होता, तो त्यांनी २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिराने, पाळला.

हा युक्तिवाद भारताच्या बाजूचा असला, तरी तो देशाच्या सीमेवर थांबवता येत नाही. एकूण वार्षिक उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे, आणि दरडोई दोन टनांच्या सरासरीत मुंबईतला वातानुकूलित मजला आणि मेळघाटातली चूल एकत्र मोजलेली असते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याची वीज राज्यभर जाते आणि राखड त्या परिसरातच राहते. वारसा घेणारा एक आणि ऋण फेडणारा दुसरा, अशी जी विषमता भारत जागतिक परिषदांत न्याय्यपणे दाखवून देतो, ती देशाच्या आतही आहे, आणि राष्ट्राचा एकच निव्वळ आकडा तिला झाकून टाकतो.

शेवटी उरतो काळाचा प्रश्न. कोणत्याही विधीच्या संकल्पात देश, काल, गोत्र आणि कर्त्याचे नाव उच्चारावे लागते, कारण कर्ता ठरल्याशिवाय कर्म कोणाचेच होत नाही. २०७० च्या संकल्पाचे कर्ते त्या वर्षी बहुतेक हयात नसतील, आणि तो पाळण्याचा भार ज्यांच्यावर येईल त्यांतले बहुसंख्य ग्लासगोच्या परिषदेच्या वेळी जन्मलेही नव्हते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये याच मुद्द्यावर सरकारला धारेवर धरले: २०३० पर्यंतची पिढी उत्सर्जनाचा मोठा वाटा वापरून टाकणार आणि त्यानंतरच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर त्याची बंधने पडणार, हे घटनेशी सुसंगत नाही, असा निर्णय त्याने दिला आणि त्यानंतर जर्मनीने आपले लक्ष्य २०४५ वर आणले. भारताने २०३० साठी दिलेले शब्द ठोस आहेत, आणि विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्मेतर स्रोतांची करण्याचे त्यांतले लक्ष्य तर पाच वर्षे आधीच, २०२५ मध्ये गाठले गेले. परंतु प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज त्या वेळीही कोळशाचीच होती, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्म अल शेख येथे सादर केलेल्या दीर्घकालीन धोरणात कोळशाचा वापर कोणत्या वर्षी शिखर गाठून उतरू लागेल, ते वर्ष दिलेले नाही. निवृत्तीची तिथी नसलेला संकल्प पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज चढवतो, म्हणून ते वर्ष जाहीर होणे अगत्याचे आहे; आणि ते ठरवताना चंद्रपूर, कोरबा आणि धनबाद येथील खाणकामगारांचे पुढचे रोजगार, तसेच धनको म्हणून भारताला बाहेरून येणे असलेली रक्कम, या दोन्ही गोष्टी त्याच मसुद्यात लिहाव्या लागतील.