दिवाडीची मानस

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि मांडवी ओलांडून काही मिनिटांत दिवाडी बेटाला टेकते. पहिल्या खेपेला मी यादी घेऊन गेलो होतो: टेकडीवरचं चर्च, जुनी घरं, फोटो. अकरालाच सगळं उरकलं. आता करायचं काय?

खाजणाच्या, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेताच्या, बांधावर जाऊन बसलो. तिथे मानस आहे, म्हणजे बांधातली पाण्याची वाट. भरती आली की पाण्याच्याच दाबाने तिची लाकडी दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला ती उघडतात. ना मोटार, ना बटण. दार हलायची वाट पाहत तासभर गेला. बगळाही माझ्यासारखाच रिकामा दिसत होता, पण त्याने मासा पकडला.

याच बेटावर सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीज अमलात ते पाडलं गेलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. बांधावरून नदीकडे पाहताना ही गोष्ट आठवली, तेवढ्यात दार करकरलं. फटीतून पाण्याची पहिली धार सुटली, तिच्यामागून काडीकचरा आणि एक खेकडा.

परतीची फेरीबोट चुकली. बरंच झालं.