महिना एक तारखेला सुरू होतो

कॉलेजच्या मुलांनी पैसे कसे सांभाळावेत यावर उपदेश भरपूर होतो. खर्च लिहून ठेवा, बाहेरचे खाणे कमी करा, हातात पैसे आले की आधी थोडे बाजूला काढा. यातले काहीच चूक नाही. पण पैसे दर महिन्याला, ठरल्या तारखेला येतात असे या उपदेशात गृहीत धरलेले असते. नोकरदाराच्या घरात ते खरे असते. हिंगोली-परभणीकडून पुण्याला शिकायला आलेल्या शेतकऱ्याच्या मुलीसाठी ते खरे नसते. घरात पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. मग कापूस, तूर, आणि पुढे उन्हाळाभर ओढाताण. कॉटचे भाडे आणि मेसचे पैसे मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोजावे लागतात, तेही आगाऊ. रक्कम कमी पडते हे खरेच, पण ती वेळेवर नसते ही त्याहून मोठी अडचण आहे, असे मला वाटते.

या मुलांना हिशेब शिकवायची गरज नाही. मेसचा खाडाच घ्या. एखाद-दुसरे जेवण चुकले तर बहुतेक मेसमध्ये पैसे वजा होत नाहीत. सलग तीन-चार दिवस गैरहजर असाल आणि आधी सांगितले असेल, तरच खाडा धरतात. म्हणून गावी जायचे तेही खाडा बसेल अशा बेताने. मुलींना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हे गणित त्यांना थोडे तरी परवडते. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. मग दुपारी दोन घास जास्त खायचे आणि रात्र घरून आलेल्या चटणीवर किंवा शेंगदाण्याच्या लाडवावर काढायची. इतक्या बारकाईने जगणाऱ्या मुलांना आपण काटकसरीचे धडे देतो, याचा मला राग येतो.

सरकारी मदत आहे, हे नाकारता येणार नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरले: जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि वरखर्चाला ८,०००. दहा महिन्यांचे वर्ष धरले तर राहण्यासाठी महिना २,००० होतात. तेवढ्यात पुण्याच्या पेठांत आता कॉट मिळणे मुश्कील. तरीही ही रक्कम महिन्याच्या महिन्याला हाती पडली असती, तर मुलांनी ती पुरवून पुरवून वापरली असती. पण अर्ज, छाननी, हजेरीचा दाखला, निधीची वाट, असे करत ती खात्यावर येते तेव्हा अनेकदा सत्र उलटून गेलेले असते.

मग तोवर भागवते कोण? रूममेट. ज्याचे पैसे आधी येतात तो दुसऱ्याची मेस भरतो, पुढच्या महिन्यात उलट. आणि मेसवाल्या काकू. ‘राहू दे, आले की दे’ असे त्या म्हणतात, पण त्यांचाही किराणा उधारीवर चालतो आणि गॅसची टाकी रोख घ्यावी लागते. सरकारने थकवलेली रक्कम प्रत्यक्षात या बाईच्या गल्ल्यातून भरली जाते. कोणत्याही अहवालात तिची नोंद होत नाही. जिथे अशी काकू भेटत नाही, तिथे मोबाइलवरचे झटपट कर्जाचे अ‍ॅप असते आणि ते व्याजासाठी थांबत नाही.

पैसा वेळेवर नसण्याची ही अडचण नवी नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुलांच्या पोटापाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला तिच्यात व्यवहाराची पक्की जाणही दिसते: मुलांना आज जेवायचे आहे, तर पैसा आजच उभा राहिला पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रवेश पक्का झाला की स्वाधारचा पहिला हप्ता आगाऊ द्यावा, आणि पुढचे दर महिन्याला पाच तारखेच्या आत. हजेरीची तपासणी दुसऱ्या सत्राच्या आधी करावी, गैरहजर असेल त्याचे पुढचे पैसे थांबवावेत. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार महिन्याच्या महिन्याला काढणाऱ्या यंत्रणेला एवढे जमण्यासारखे आहे.