आकाशात रंग भरता येत नाही



दर शनिवारी मी लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर तैलरंगात निसर्गचित्रं काढायला शिकतो. इथेच कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढग रंगवले. चित्रामागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला. बरोबर शंभर वर्षांनी बाबासाहेब इथून जवळच, किंग हेन्रीज रोडवर राहत होते.

एका शुक्रवारी ऑफिसात आपल्याच देशातल्या सहकाऱ्याने माझं 'मूळ आडनाव' विचारलं आणि हसला. दुसऱ्या दिवशी मी आकाश काळंजांभळं केलं. ओल्या रंगावर रंग घासत राहिलो, शेवटी सगळा चिखल झाला. शिक्षिका म्हणाल्या, "भावना दिसते. आजचं आकाश कुठे आहे?" वर पाहिलं. निरभ्र होतं.

ककचूपम सुत्तात भगवान विचारतात: कुणी लाख, हळद, नीळ घेऊन आकाशात चित्र काढू म्हणाला, तर जमेल का? आकाशाला रूपच नाही, रंग बसणार कशावर? कुणी कसंही बोललं तरी चित्त तसं ठेवा.

म्हणजे अपमान गिळा, असा अर्थ काही जण लावतात. मला तो मान्य नाही. बाबासाहेबांच्या लेकरांना तो परवडणाराही नाही.

मी सुरीने चिखल खरवडला, कॅनव्हास पुसला आणि राग नुसता पाहत बसलो. छातीत ऊब, आवळलेला जबडा. हळूहळू तो ओसरला.

सोमवारी लेखी तक्रार दिली, पाच ओळींची. शुक्रवारी रात्रीचा मसुदा तीन पानांचा होता.