माठ पाझरतो तेव्हा

मार्च सरता सरता अकोल्यात रस्त्याकडेला माठांच्या उतरंडी रचलेल्या दिसू लागतात आणि माझा उन्हाळा खरा तिथून सुरू होतो. परवा आमचाही माठ आणला. विकणाऱ्या मावशींनी तो एका हातावर तोलून धरला आणि दुसऱ्या हाताच्या पेरांनी टणटण वाजवला. "ताई, तुम्हीच वाजवून घ्या. चीर असली तर आवाज बद्द येतो." मी तीन माठ वाजवले. तिन्ही खणखणीत होते. घेतला तिसरा, कारण त्याच्या गळ्याशी कुंभाराच्या बोटाची रेघ उमटून राहिली होती.

घरी आल्यावर तो धुऊन रात्रभर भरून ठेवला. पहिल्या दिवसाचं पाणी झाडांना जातं. दुसऱ्या दिवसाच्या पाण्याला मातीची चव फार लागते, असं सासूबाई म्हणतात. मला मात्र तेच पाणी सगळ्यात आवडतं, आणि गेली कित्येक वर्षं त्या दिवशीचा पहिला पेला माझा असतो.

घडवंचीवरच्या नव्या माठाकडे कधी नुसतं बसून पाहावं. भरल्यावर काही वेळ काहीच होत नाही. मग तळाशी एक गडद डाग दिसतो, तो हळूहळू वर चढतो, आणि दुपारपर्यंत पोटाचा रंगच बदललेला असतो. तळहात टेकवला तर ओल लागते. माठ पाझरायला लागला, असं आपण म्हणतो. मातीच्या बारीक छिद्रांतून बाहेर आलेलं हे पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. किती? पेलाभर पाणी उडून जायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर दहा लिटर पाणी दहा अंशांनी उतरेल. बाहेरची हवा पुन्हा तापवत असते म्हणून प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ राहत नाही. पण एका पेल्यात एवढं बळ असतं, हे मला दरवर्षी नव्याने थक्क करतं.

माझ्या बहिणीने एकदा हौसेने इथला माठ ठाण्याला नेला. आठ दिवसांनी फोन आला, "तुझा माठ काही गार करत नाही गं." माठात खोट नव्हती. तिथली हवा समुद्राच्या ओलाव्याने आधीच भरलेली, ती आणखी पाणी उचलणार कुठून? आमच्याकडे मे महिन्यात अंग भाजून काढणाऱ्या कोरड्या झळा असतात. दुपारी खिडकी उघडली तर चुलीचं तोंड उघडल्यासारखं वाटतं. आणि त्याच झळा माठाला लागल्या की पाणी गार होतं. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार. ज्या उन्हाने जीव नकोसा केला, त्यानेच घोटाघोटाने परत आणून दिला, असं मला दुपारी दोन वाजता ओगराळ्याने पाणी काढताना अगदी मनापासून वाटतं.

कुरडयांचंही तसंच. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून, सत्त्व खाली बसू देऊन पहाटे चीक शिजवायचा. तो पातेल्यातच चमच्याने ओढून खायचा, थोडं दूध-साखर घालून, जीभ पोळली तरी. नंतर सोऱ्यातून गच्चीवरच्या धुतलेल्या धोतरावर कुरडया पडतात. ऊन मवाळ असेल तर त्या आंबूस होतात. कडक असेल तर संध्याकाळपर्यंत वरून खडखडीत वाजू लागतात. म्हणून कुरडयांच्या दिवशी आभाळात ढग दिसला की आमच्या घरात कोणालाच आनंद होत नाही.

फ्रिज आमच्याकडेही आहे, आणि पंचेचाळीस अंशांत तो नसावा असं मी कधीच म्हणणार नाही. आणि सगळ्यांचा उन्हाळा सारखा नसतो. भर दुपारी डांबर ओतणाऱ्याला, हातगाडी ओढणाऱ्याला तो जिवावर बेततो. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान द्यायची आपली रीत ज्यांनी घातली, त्यांना हे पक्कं माहीत असणार. सासूबाई त्या दिवशी फाटकाबाहेर निंबाच्या सावलीत रांजण मांडतात, ओलं गोणपाट गुंडाळतात आणि मृगापर्यंत तो एकदाही रिकामा होऊ देत नाहीत. सत्तरी ओलांडली तरी दिवसातून दोनदा स्वतः झाकण काढून पाहतात. पाणी पिऊन गेलेल्यांतल्या कोणाचं नाव त्यांना माहीत नसतं.

एक-दोन उन्हाळे झाले की माठ थकतो. पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि पाझर मंदावतो. मग पाणी नुसतं पाणी राहतं. आमचा गेल्या वर्षीचा माठ असाच थकला, तेव्हा त्याच्या तळाला भोक पाडून त्यात मोगरा लावला. गच्चीवर पूर्वेच्या कोपऱ्यात त्याला भरपूर ऊन मिळतं आणि तो चैत्रापासून फुलतोय. काल संध्याकाळी सहाला कळ्या मिटलेल्या होत्या, टोकाशी किंचित हिरवट. पाणी घालून मी खाली आले. पोळ्या झाल्यावर वर गेले तेव्हा अंधारात आधी वास आला, मग फुलं दिसली. सात होती. पाच देवाला ठेवली आणि दोन, देठं खुडून, स्वयंपाकघरातल्या माठात सोडली.