रोग्याला सांगावे काय?

कर्करोगाचे निदान झाले म्हणजे आपल्या घरांतून पहिली कुजबुज होते ती हीच: "त्यांना कळू देऊ नका." ह्यामागे माया असते, हे मी नाकारीत नाही. परंतु नव्या उपचारांनी हा प्रश्न अधिक अवघड केला आहे.

मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांत पुष्कळ, आपल्या देशात विरळा. गाठ कापून काढली तरी तो परतू शकतो. आपल्या शरीरातील संरक्षक पेशींना निसर्गतःच लगाम असतो. तो सैल करून त्यांना रोगावर सोडणारी औषधे आता निघाली आहेत. ह्या शोधाबद्दल ॲलिसन व होंजो ह्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२३ साली अमेरिकेतील एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध एकच, मात्रा १८. एका गटाला सर्व शस्त्रक्रियेनंतर दिल्या, दुसऱ्याला ३ आधी व १५ नंतर. दोन वर्षे विघ्नावाचून गेली असे पहिल्या गटात शेकडा ४९, दुसऱ्यात ७२. गाठ शरीरात असतानाच संरक्षक पेशींना शत्रूची ओळख चांगली पटते, असे ह्याचे कारण देतात.

म्हणजे गाठ आहे हे ठाऊक असून काही आठवडे थांबायचे! "आधी ती काढून टाका," असे आपण नातेवाईक म्हणणारच. पण थांबण्याचा धोका आपल्याला नाही, रोग्याला आहे. शिवाय केवळ शस्त्रक्रियेनेच बरा झाला असता, असाही कोणी त्यांत असतो. तो कोण हे वैद्यांनाही आधी सांगता येत नाही. लगाम सुटलेल्या पेशी आतड्यांवर, फुप्फुसांवर, थायरॉइडवर उलटतात. एखादी ग्रंथी निकामी झाली तर जन्मभर गोळ्या. २०२४ सालच्या दुसऱ्या एका चाचणीत, दोन औषधांच्या दोनच मात्रांनंतर शेकडा ५९ रोग्यांच्या गाठीत जिवंत रोग जवळजवळ उरला नव्हता, व त्यांचे औषध तेथेच थांबविले. परंतु तीव्र त्रास झालेलेही शेकडा ३० च्या आसपास होते.

जुलाब लागले, धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते. हयगय जिवावर बेतते. ज्याला आपण "ताकदीचे इंजेक्शन आहे" म्हणून समजाविले, तो हे कशाला कळवील? खाण्यात काही आले असेल म्हणून स्वस्थ पडून राहील.

कोणी वडीलधारे म्हणतील, "मला काही सांगू नका, तुम्हीच पाहा." तोही त्यांचा अधिकार आहे. पण तसे त्यांनी स्वतः म्हणावयास हवे. मुलांनी ते गृहीत धरू नये. आणि तसे म्हटले तरी, पोट बिघडल्यास लगेच हाक मारा, एवढे त्यांना सांगावेच लागेल, व का, हेही.