कर्ता कोण?

शास्त्रपाठ : उत्पत्ती १:१, इब्री ३:४, योहान ११:१७-३५



भिलाईच्या सेक्टर १० मधील एका मराठी कुटुंबात मी प्रार्थनेसाठी गेलो होतो. घरातील माउलीला प्रभूकडे जाऊन महिनाही झाला नव्हता. अभियांत्रिकी शिकणारा धाकटा मुलगा म्हणाला, "काका, देव आहे हे आधी तर्काने सिद्ध करा, मग मी डोळे मिटीन."

घरावरून बांधणारा ओळखावा, हा इब्री पत्रातील विचार मी मांडला. आपल्या नैयायिकांनीही घटावरून कुंभाराचे अनुमान केले; उदयनाचार्यांची 'न्यायकुसुमांजली' याच हेतूने रचलेली आहे.

तो म्हणाला, "येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. ती भारतीय व सोव्हिएत अभियंत्यांनी उभारली, हे ठाऊक आहे. विश्व उभारताना कोणी पाहिले? आणि देवाला कोणी घडवले?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक वस्तूला कारण असते, असे हे अनुमान म्हणतच नाही. जे स्वतःच्या बळावर अस्तित्वात नाही, त्याला कारण हवे, एवढेच ते म्हणते. परावलंबी वस्तूंची रांग कितीही लांबवली तरी ती परावलंबीच राहते. ती ज्यावर उभी आहे, तो स्वयंभू असला पाहिजे.

पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य होते. भट्टी लोह निर्माण करीत नाही. राजहऱ्याच्या खनिजात ते असतेच, ती केवळ वेगळे करते. कुंभारालाही माती आयती मिळते. पंडित नेहेम्या गोरे (जन्म १८२५, बाप्तिस्मा १८४८) यांनी 'षड्दर्शनदर्पणा'त नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. परमाणू अनादी मानले, तर ईश्वर कारागीर ठरतो, उत्पन्नकर्ता नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या वचनातील 'बारा' हे इब्री क्रियापद (मराठी वाचकाला आकडाच वाटेल!) निर्मितीच्या अर्थाने येते, तेव्हा त्याचा कर्ता सदैव देवच असतो. भाषांतर करताना या शब्दापाशी मी पुष्कळ थांबलो आहे.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "मानले, काका. पण एवढा समर्थ निर्माता आईच्या खाटेपाशी का आला नाही?"

तर्क उंबरठ्यापर्यंत आणतो, असे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो; त्या दिवशी उंबरठ्यावर मीच अडखळलो. उत्तर न देता योहानाचा अकरावा अध्याय उघडून त्याच्या हाती दिला. तेथेही प्रभू चार दिवस उशिरा आला आहे. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही तो कबरेकडे जाताना रडतो.

मार्थेची तक्रार त्याने दोनदा वाचली. निघताना मी प्रार्थना केली, तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत. पुस्तक मात्र परत दिले नाही.